दोन वर्षांचा डिप्लोमा आणि घरचा जमाखर्च

दहावी-बारावीचे निकाल लागले म्हणजे आमच्या शेतकरी व कारागीर बंधूंच्या घरी एकच विचार सुरू होतो. पोराला पुढे कशात घालावे? गावात जो तो सल्ला देतो. मामा म्हणतो इंजिनिअरिंगला घाला, मास्तर म्हणतात डिप्लोमा करा, आणि पुण्यास दोन वर्षे काढून परत आलेला शेजारचा पोरगा काहीच बोलत नाही. त्याचे न बोलणे कोणी ऐकत नाही. ‘आमचा बाळू पुण्यात इंजिनिअरिंगला आहे’ हे पारावर सांगता येणे ही बापाला मोठी गोष्ट वाटते, आणि तिच्यासाठी कोणी बैलजोडी विकतो, कोणी सोसायटीचे कर्ज थकवितो, कोणी रस्त्याकडेचे दहा गुंठे गहाण टाकतो.

शिक्षणास विरोध करणे हे आमच्या हातून कधी व्हावयाचे नाही. पण बी-बियाणे घेताना जो शेतकरी दहा दुकाने हिंडतो, तोच पोराच्या शिक्षणावर तीन लाख रुपये घालताना एक कागदसुद्धा मांडून पाहत नाही, हे आम्हांस पसंत नाही. म्हणून तो कागद आज आम्ही येथे मांडतो.

प्रथम ज्यांस ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. तंत्रनिकेतनाचा डिप्लोमा दहावीनंतर तीन वर्षांचा. परंतु ज्याने आयटीआयचा दोन वर्षांचा धंदा पुरा केला आहे, किंवा जो विज्ञान घेऊन बारावी झाला आहे, त्यास थेट दुसऱ्या वर्षात घेतात. त्याचा डिप्लोमा दोन वर्षांत होतो. आमच्या घरांतील पुष्कळ मुले याच वाटेने जातात, कारण आधी बारावी करून पाहिलेली असते किंवा आयटीआयमध्ये फिटर, टर्नर, इलेक्ट्रिशियन झालेली असतात. तेव्हा याच दोन वर्षांचा हिशेब आपण धरू.

पुणे शहरास हे शिक्षण नवे नाही. १८५४ साली सरकारने येथे जी इंजिनिअरिंगची शाळा काढली, ती रस्ते, इमारती, पाटबंधारे यांवर देखरेख करणारे हाताखालचे नोकर तयार करण्यासाठी. तीच पुढे इंजिनिअरिंग कॉलेज झाली आणि २०२२ साली विद्यापीठ झाली. १९३८ साली कुसरो वाडिया संस्था निघाली, १९५७ साली गणेशखिंड रस्त्यावर सरकारी तंत्रनिकेतन निघाले. पण सरकारी शाळा निघण्याच्या आधीपासून कसब्यातल्या तांबट आळीत घणांचा आवाज चालू होता. तेथे पोरगा सात-आठ वर्षांचा झाला की भात्यावर बसे. फी नव्हती, खोलीभाडे नव्हते, आणि शिकता शिकता तो घरच्या भाकरीला हातभार लावी. ते शिक्षण अपुरे होते. त्यात अक्षर नव्हते, नकाशा नव्हता, आणि बापाच्या पुढे जाण्याची वाटही नव्हती. मात्र त्यात घर बुडत नव्हते. आजच्या शिक्षणात अक्षर आहे, नकाशा आहे, पण शिकत असता पोरगा घराला काही देत नाही, उलट नेतो. हिशेब करावा लागतो तो यासाठी.

लोक हिशेब करतात तो फीचा. ‘सरकारीत नंबर लागला, फी थोडी आहे’ एवढ्यावर निश्चिंत होतात. वास्तविक फी हा या खर्चातला सगळ्यांत लहान आकडा होय. मोठे आकडे दोन आहेत, आणि दोन्ही पावतीवर येत नाहीत.

पहिला आकडा पोराच्या हाताचा. अठरा वर्षांचा धडधाकट मुलगा पुण्यास गेला म्हणजे शेतावर त्याच्या जागी गडी लावावा लागतो, नाहीतर बाप-आईला दुप्पट राबावे लागते. त्या हाताची किंमत काय धरावी? २०२५-२६ साली रोजगार हमीच्या कामावर महाराष्ट्रात रोजाला ३१२ रुपये दर होता. याहून कमी दराने आज कोणी गडी येत नाही हे वाचक जाणतातच, पण कमीत कमी म्हणून हाच धरू. महिन्यास वीस रोज धरले तर ६,२४० रुपये होतात. वर्षातले दहा महिने मुलगा पुण्यात राहणार, दोन महिने सुट्टीत घरी. दोन वर्षांचे वीस महिने. म्हणजे १,२४,८०० रुपये.

दुसरा आकडा राहण्याखाण्याचा. पुण्यात एकट्या विद्यार्थ्याला खोली परवडत नाही. एका खोलीत चार-पाच खाटा टाकून खाटेमागे भाडे घेतात, त्यास ‘कॉट बेसिस’ म्हणतात. खाट, दोन वेळची खानावळ, पीएमपीचा पास आणि किरकोळ मिळून महिन्याला सात हजार धरू. कोथरूड-शिवाजीनगरकडे राहणारे म्हणतील, एवढ्यात कसे भागते? आम्ही काटकसरीने धरले आहे. वीस महिन्यांचे १,४०,००० झाले.

आता फी, पुस्तके, ड्रॉइंगचे सामान, परीक्षा हे सारे मिळून सरकारी संस्थेत दोन वर्षांस पस्तीस हजार धरा. एकूण बेरीज २,९९,८००. म्हणजे तीन लाख. खाजगी संस्था असेल आणि तिची फी दोन वर्षांत लाखभर जास्त जात असेल तर चार लाख. यांपैकी काही आकडे आम्ही धरलेले आहेत. ज्याने त्याने आपल्या घरचे आकडे त्या जागी घालावेत. बेरीज करण्याची रीत तीच.

आता जमेची बाजू. येथेच आमचे लोक फसतात. प्रवेशाच्या दिवसांत शहरभर जे फलक लागतात, त्यांवर एका दोघा मुलांचे फोटो आणि त्यांना मिळालेला मोठा पगार लिहिलेला असतो. शंभरांतल्या ज्या नव्वदांचे फोटो लागले नाहीत, ते कोठे गेले याची चौकशी बाप करीत नाही. जत्रेतल्या सोडतीत एकाला मोटार लागते तिचे चित्र सगळ्यांना दाखवितात, तसाच हा प्रकार आहे.

डिप्लोमा झाल्यावर पुष्कळ मुले प्रथम अॅप्रेंटिस, म्हणजे उमेदवार म्हणून लागतात. उमेदवारीचा कायदा १९६१ सालचा. त्याखालच्या २०१९ च्या नियमांनी महिन्याचे कमीत कमी विद्यावेतन असे ठरविले: दहावी झालेल्यास ६,०००, आयटीआयवाल्यास ७,०००, डिप्लोमावाल्यास ८,०००, पदवीधरास ९,०००. हा खालचा आकडा आहे, कारखान्याने जास्त दिल्यास कोणी हात धरीत नाही. २०२५ साली मध्यवर्ती परिषदेने यात ३६ टक्के वाढ करावी अशी शिफारस केली. शिफारस चांगली आहे. पण हे आकडे एकाखाली एक ठेवून पाहा. आयटीआयवर आणखी दोन वर्षे आणि तीन लाख रुपये घातले, तर सरकारच्या तराजूत मुलाचे वजन किती वाढले? महिन्याला एक हजार रुपये. २०२४ साली राज्य सरकारने मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना काढली, तीत तर बारावीवाल्यास ६,०००, पदवीधरास १०,०००, आणि आयटीआय व डिप्लोमा या दोघांस एकच, ८,०००. तेथे एक हजाराचाही फरक राहिला नाही.

आणखी एक तुलना करू. रोजगार हमीचा वर सांगितलेला ३१२ चा दर महिन्याचे सव्वीस रोज मिळाला तर ८,११२ रुपये होतात. खड्डे खणणाऱ्यास सव्वीस रोज मिळत नाहीत, वर्षात शंभर दिवसांची हमी होती, हे आम्ही विसरलो नाही. तरी पण कुदळीचा रोज आणि यंत्राची ड्रॉइंग वाचणाऱ्याचे किमान विद्यावेतन इतके जवळ जवळ असावेत, यात कारागिरीचा मान कोठे राहिला?

उमेदवारीचे ते वर्ष मुलगा पुण्यातच राहणार. आठ हजार मिळाले, आठ हजार खर्च झाले. घरी शून्य. शेतावरचा गडी मात्र त्या वर्षीही लावावाच लागला. ते बारा महिन्यांचे ७४,८८० रुपये वर आले. तीन लाखांचे पावणेचार लाख झाले.

यापुढे वाट फुटते, आणि सगळा जमाखर्च या फाट्यावर ठरतो.

समजा मुलगा चाकण किंवा भोसरीकडे कंत्राटदाराच्या वहीत लागला आणि हाती सोळा हजार येऊ लागले. आठ हजार पुण्यात राहण्याचे वजा करा. उरले आठ. तो गावी असता तर ६,२४० चे काम करताच होता. तेव्हा शिक्षणाने घराला दिले ते महिन्यास १,७६० रुपये. या दराने पावणेचार लाख फिटण्यास २१३ महिने, म्हणजे पावणेअठरा वर्षे लागतात. तोवर त्याच्या मुलाची दहावी येईल.

आता समजा तोच मुलगा, त्याच गुणांचा, कायम नोकरीत लागला आणि पंचवीस हजार मिळाले. राहण्याचे आठ वजा, गावच्या कामाचे ६,२४० वजा, उरले १०,७६०. पावणेचार लाख पस्तीस महिन्यांत, तीन वर्षांच्या आत फिटतात. त्यानंतरचे सगळे घराची कमाई.

दोन्ही मुलांचे कॉलेज एक, मार्क एक, कागद एक. तरी एकाचे घर तीन वर्षांत वर येते आणि दुसऱ्याचे अठरा वर्षे कर्जात राहते. फरक शिक्षणात नाही. नोकरी कोणत्या वहीत लिहिली गेली, यात आहे. हे जो बाप ओळखील त्याने अर्धा हिशेब केला असे आम्ही समजतो.

कोणी म्हणेल की पगार वाढत जातो, तो सोळा हजारांवर थांबत नाही. खरे आहे. पण गड्याची मजुरीही वाढते, खाटेचे भाडे त्याहून लवकर वाढते. आणि कंत्राटी पोराचा पगार वाढण्याच्या वेळीच कंत्राट बदलते, हे पिंपरी-चिंचवडकडे ज्यांचे कोणी आहे त्यांना सांगावयास नको.

हे असे का होते? ज्या पट्ट्यात पूर्वी हिंदुस्थान अँटिबायोटिक्स, टेल्को, बजाज हे कारखाने उभे राहिले, तेथे आमच्या जुन्नर, खेड, मावळ, सातारा भागांतील हजारो घरे वर आली. सातवी-दहावी झालेला मुलगा उमेदवार म्हणून आत गेला, कायम झाला, त्याने गावी विहीर बांधली, बहिणींची लग्ने केली. बापाच्या मनात आजही तेच चित्र आहे. कारखाने आजही आहेत, पूर्वीपेक्षा मोठे आहेत. बदलली आहे ती आत जाण्याची तऱ्हा. उमेदवार हा कायद्याने कामगार नव्हे, शिकाऊ होय. त्यास भविष्यनिर्वाह निधी लागू नाही, आणि मुदत संपल्यावर त्याला नोकरी दिलीच पाहिजे असे कायदा मालकास सांगत नाही. तीस किंवा अधिक माणसे असलेल्या कारखान्याने उमेदवार घेतलेच पाहिजेत असा नियम आहे, आणि एकूण माणसांच्या अडीच ते पंधरा टक्क्यांपर्यंत ते घेता येतात. नियम शिकविण्यासाठी केला. पण जेथे उमेदवारास पहिल्याच आठवड्यात यंत्रावर उभा करून पुरे उत्पादन घेतात, वर्ष संपले की त्याला दाखला देऊन रवाना करितात आणि त्याच यंत्रावर दुसरा उमेदवार आणितात, तेथे शिक्षण कसले? ती स्वस्त मजुरी आहे, आणि तिचा खर्च शेतकऱ्याच्या गोठ्यातून चालला आहे. कारखान्यास पुऱ्या पगाराचा माणूस आठ हजारांत पडतो, कारण उरलेले पैसे मुलाचा बाप ज्वारी विकून पाठवितो.

जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर कमिशनपुढे जे निवेदन ठेवले, त्यात त्यांची तक्रार अशी होती की पैसा रयतेच्या करांतून येतो आणि शिक्षणाचा लाभ वरचे वर्ग घेतात. जोतीराव स्वतः कंत्राटदार होते, मालाची व मजुरीची बेरीज त्यांना चांगली कळत होती. आजच्या या बेरजेत शिकतो रयतेचाच मुलगा, एवढा बदल झाला. खर्चही रयतेनेच करावयाचा, आणि लाभ कोणाकडे जातो ते वर लिहिलेच आहे.

मग डिप्लोमा करू नये काय? आमचे मत असे नाही. सार्वजनिक बांधकाम, जलसंपदा, जिल्हा परिषद या खात्यांत कनिष्ठ अभियंत्याच्या जागेस स्थापत्याचा डिप्लोमा चालतो, रेल्वेतही डिप्लोमावाल्यास जागा आहेत. जो आयटीआय करून आला आहे, ज्याला हाताने फाइल लावता येते आणि आता ड्रॉइंगही काढता येते, असा मुलगा लहान कारखान्यात लवकर वर चढतो, कारण मालकाला त्याच्यावाचून चालत नाही. भोसरीच्या लहान शेडमधून जॉबवर्क करणारे कित्येक जण याच वाटेने आले. डिप्लोम्यानंतर पदवीच्या दुसऱ्या वर्षास थेट जाता येते, तीही वाट उघडी राहते. पण सरकारी जागांची आशा धरून डिप्लोमा झाल्यावर सदाशिव पेठेत अभ्यासिकेचे भाडे भरीत पाच-पाच वर्षे काढणे, हा निराळाच खर्च आहे. त्यावर पुन्हा कधीतरी लिहू.

आमचे म्हणणे इतकेच की जमीन विकून किंवा गहाण टाकून खाजगी जागा घेऊ नये. जमीन एकदा गेली की सोळा हजारांच्या नोकरीतून ती परत येत नाही. सरकारी संस्थेत जागा मिळते काय ते आधी पाहावे, आणि ती पुण्यातच हवी असा हट्ट नसावा. आंबेगाव-जुन्नरकडच्या मुलास अवसरी खुर्दचे सरकारी तंत्रनिकेतन जवळ आहे. घरून जाणे-येणे झाले तर खाट आणि खानावळ वाचते, आणि वरच्या बेरजेतला सगळ्यांत मोठा आकडा जवळ जवळ निघून जातो. एसटीच्या गर्दीत उभे राहावे लागेल, ते पोराने सोसावे. आयटीआय झालेला मुलगा आधीच कामावर लागला असेल तर त्याने नोकरी सोडण्याची घाई करू नये. काम करणाऱ्यांसाठी सोयीच्या वेळी वर्ग चालविण्यास अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०२३ पासून मोकळीक दिली आहे, तसा वर्ग जवळपास आहे काय ते विचारावे.

फीसवलतीचे पैसे आपलेच आहेत, ते सोडू नयेत. राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने शिष्यवृत्ती आहे, पंजाबराव देशमुखांच्या नावाने वसतिगृह भत्ता आहे, मागासवर्गीय मुलांसाठी निराळ्या सवलती आहेत. यांसाठी उत्पन्नाचा दाखला, जातीचे प्रमाणपत्र, अधिवासाचा दाखला लागतो. हे कागद प्रवेशाच्या आठवड्यात तहसील कचेरीत धावून मिळत नाहीत, उन्हाळ्यातच काढून ठेवावेत. शिष्यवृत्ती उशिरा येते आणि कॉलेज फी आधी मागते, हा अनुभव घरोघरचा आहे, त्याची तजवीज ठेवावी.

मुलींविषयी दोन शब्द निराळे लिहितो. २०२४ साली सरकारने ठरविले की आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतील मागास, आर्थिक दुर्बल आणि इतर मागास वर्गांच्या मुलींची, सरकारी प्रवेशप्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमास गेल्यास, शिकवणीची व परीक्षेची पुरी फी माफ. तेव्हा ‘मुलीवर फी कोण घालणार’ हे कारण आता बापाच्या तोंडी शोभत नाही. मुलगी शेतात मुलाइतकीच राबते, पण तिच्या हाताचा रोज आम्ही कधी वहीत धरीत नाही, आणि शिकविण्याची वेळ आली की मात्र ती घरातून गेल्याने कामाची खोटी होते असे म्हणतो. दोन्हींपैकी एक काहीतरी खरे धरावे. आमच्या मते मुलीला डिप्लोम्यास घालावे, आणि वरचाच हिशेब तिच्यासाठीही मांडावा.

शेवटी तंत्रनिकेतनांच्या चालकांस एक मागणी करितो. आपण मोठ्या पगाराच्या दोन मुलांचे फोटो लावता, ते लावा. त्याच भिंतीवर आणखी एक फळा लावा. मागील तीन वर्षांत किती मुले पास झाली, त्यांतली किती उमेदवार म्हणून लागली, उमेदवारी संपल्यावर किती त्याच ठिकाणी कायम झाली, किती कंत्राटात गेली आणि किती घरी बसली, एवढे पाच आकडे त्यावर लिहा. ज्या संस्थेला हे आकडे लिहिण्याची लाज वाटेल, तिच्या फीचे पैसे कशासाठी मोजायचे ते पालकांनी विचारावे. प्रवेशाच्या दिवशी प्राचार्यांच्या खोलीत गेल्यावर इमारत केवढी आहे हे विचारण्याआधी हे पाच आकडे विचारा. उत्तर तोंडी मिळाले तर कागदावर मागा.

आणि ज्यांची मुले गेल्या चार-पाच वर्षांत डिप्लोमा होऊन बाहेर पडली, त्यांनी आपल्या घरचा जमाखर्च आम्हांकडे लिहून पाठवावा. नाव छापणार नाही. फी किती गेली, खाट-खानावळीचे किती गेले, पहिल्या वर्षी हाती किती आले, कायम होण्यास किती दिवस लागले किंवा झालाच नाही, एवढे पोस्टकार्डावर मावते. जागा होईल तसतसे आम्ही ते दर आठवड्यास देत जाऊ.